निवेपर्यंत

आमच्याकडच्या लग्नांत ड्रोन उडवणारा तो माणूस प्रत्येक बॅटरी आधी गालाला लावून बघतो, तापलेलं पोर बघावं तशी.

मे महिन्यात चांदवडला पुतणीचं लग्न होतं. आकाशातून मिरवणूक दाखवायचा शब्द तिला मीच देऊन बसलो होतो.

"अरे, नवरदेव निघाला, उडव की!"

"तापलीय, दादा. खाली माणसं हायेत."

त्याने ड्रोनवर छत्री धरली आणि स्वतः उन्हात उभा राहिला. झळांमधून मिरवणूक तरंगत निघून गेली. कोट घालून मी चिडत राहिलो. हळूहळू मांडवच आकाशात चढू लागला.

डोळे उघडले, तर त्याचा गाल माझ्या कपाळाला टेकलेला.

"तुमीबी तापलात, दादा. निवेपर्यंत उडायचं नाय."

मग छत्रीच्या सावलीत ड्रोन आणि मी शेजारी शेजारी निवत पडलो.