परसातल्या ग्रिलला गॅसची लाइन

दुसऱ्याच्या घराच्या भिंतीला ड्रिल लावलं की बाहेर काय पडतं? सिमेंटची भुकटी, विटेचा चुरा आणि किस्से! भुकटी झाडून निघते. किस्से मात्र अंगाला चिकटून घरी येतात. माझा नवरा हल्ली डबा धुवायला घेताना आधी विचारतो, “आज कोणाकडे काय झालं?”

मी धुळे आणि जळगावात गॅसची पाइपलाइन बसवणाऱ्या टीमची सुपरवायझर आहे. टीम म्हणजे आम्ही तिघं. पाइप जोडणारे प्रल्हादभाऊ मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं पक्कं अहिराणी. ड्रिल मारणारा सलीम जळगावचा. आणि मी, जिला लोक आधी “मॅडम” म्हणतात आणि चहा झाला की “ताई”.

पूर्वी आमचं काम स्वयंपाकघरापुरतं असायचं. आता लोकांना घराबाहेर, परसात नाहीतर गच्चीवर ग्रिल पाहिजे आणि त्या ग्रिलला थेट पाइपचा गॅस पाहिजे. दुकानदार ग्रिल विकताना पनीर टिक्क्याचे फोटो दाखवतो. आपल्याकडचा माणूस फोटो बघतो, मान डोलावतो आणि विचारतो, “एका वेळी वांगी किती मावतील?”

*

ग्रिलची पहिली ऑर्डर आली ती धुळ्याच्या देवपुरातून, एका निवृत्त मास्तरांची. फोन प्रल्हादभाऊंनी घेतला. मास्तर म्हणाले, “घरी मुलगा आहे, तो दार उघडेल. मागच्या ग्रिलपर्यंत लाइन आणून जोडून टाका.”

मी त्या दिवशी जळगावात होते. संध्याकाळी पोहोचले तर काम तयार. पाइप सरळ, क्लॅम्प एका रेषेत, रंगही मारून झालेला. मास्तर परसात उभे राहून डोकं खाजवत होते. “काम सुंदर आहे हो,” ते म्हणाले, “पण माझी ग्रिल कुठे जोडली?”

“ही काय!” प्रल्हादभाऊंनी अभिमानाने हात फिरवला.

पाइप मागच्या खिडकीच्या लोखंडी ग्रिलला चार ठिकाणी घट्ट बांधलेला होता! खरी ग्रिल खोक्यातच होती आणि त्या खोक्यावर बसून सलीम चहा पीत होता.

“भाऊ, खिडकीला गॅस कशाला लागेल?” मी विचारलं.

प्रल्हादभाऊ शांतपणे म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाईकले आपण कारण इचारत नही!”

*

धुळ्यातल्याच एका काकूंनी सगळं काम होऊ दिलं आणि गॅस सुरू करायच्या वेळी आमच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात तुळशीची माळ.

“आदुगर एक सांगा. हाऊ गॅस मना घर कोठून येस?”

प्रल्हादभाऊंनी उजवीकडच्या घराकडे बोट दाखवलं. लाइन तिकडून पुढे येत होती.

“तठे रोज बोंबील भाजतस! तो वास मना चुल्हामा येई का नही?”

मी त्यांना समजावलं. गॅस जमिनीखालच्या मोठ्या लाइनमधून येतो, तो एकाच दिशेने वाहतो, शेजाऱ्यांच्या तव्यावरून फिरून येत नाही. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. पटल्यासारखी मानही हलवली. मग डावीकडच्या घराकडे वळून म्हणाल्या, “ते बठ्ठं खरं. पन त्या घरमा कांदालसूनसुद्धा खातस नही. मना पाइप त्या बाजूथीन आना!”

*

जळगावच्या जुन्या गावात मधुकरभाऊ म्हणून एक होते. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचं घर मुळात एकच. वाटण्या झाल्या, मधे भिंत आली आणि बोलणं बंद झालं. एका ओट्यावर दोन दारं, आणि दोघं दारातून निघताना दुसऱ्याची चाहूल घेऊन मगच बाहेर पडायचे.

मधुकरभाऊंना मागच्या अंगणात ग्रिल लावायची होती. मी खूण अंगणाच्या भिंतीवर केली होती. सलीमने बोलता बोलता कोपऱ्यापलीकडची भिंत धरली. ड्रिल लोण्यात जावं तसं आत गेलं आणि पलीकडून ओरडा आला, “अरे कोण आहे? माझ्या देवघरात काय घुसवून राहिले?”

मधुकरभाऊंचा चेहरा उतरला. आवाज ओळखीचा होता. सलीमने ड्रिल काढलं. भिंतीला अंगठ्याएवढं आरपार भोक. मधुकरभाऊ वाकले आणि भोकाला तोंड लावून म्हणाले, “मी आहे.”

पलीकडून, “काय चाललंय?”

“ग्रिल बसवून राहिलो. भरताला.”

“तू करणार भरीत? मागे आईने तुला वांगी भाजायला बसवलं होतं, तेव्हा कोळसा केला होता.”

“आणि तू झोपला होता! जागं राहायची पाळी तुझी होती!”

“माझी? वहिनींना विचार कोणाची होती ती!”

आवाज चढत गेले. दोन्ही घरांतल्या बायका धावत आल्या. मी पुढे होऊन म्हटलं, “चूक आमची आहे, आत्ता सिमेंट लावून बुजवून देतो.” सलीमने थापीही उचलली.

“बुजवू नका!” दोन्हीकडून एकदम आवाज आला.

मधुकरभाऊ भोकापासून तोंड न हलवता म्हणाले, “ताई, चहा घ्या, जरा टेका. इतक्या वर्षांचं भांडण तुंबलंय, ते होऊ द्या आधी!”

*

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. हे आम्ही प्रत्येक घरी सांगतो. त्यामुळे वास आला की लोक फोन करतात आणि आम्ही हातातलं टाकून पळतो.

असाच एका दुपारी धुळ्यातून फोन. पोहोचलो तर अख्खं कुटुंब रस्त्यावर. आजोबा खुर्चीसकट बाहेर आणलेले. सोबत लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामाला आलेले जावईबापू, कडक इस्त्रीत, पण अनवाणी.

वास होता. मागच्या पडवीत, ग्रिलच्या आसपास, डोळ्यांत पाणी आणणारा. मी मेन व्हॉल्व्ह बंद करून तपासायचं मशीन फिरवलं. मशीन गप्प. प्रल्हादभाऊंनी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही.

“मशीन बिघडलंय तुमचं!” घरमालक दारातून ओरडले.

प्रल्हादभाऊंनी नाकाने अंदाज घेत ग्रिलखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत जावईबापूंचे बूट. नीट जोडीने ठेवलेले, मोजे आत खोचलेले. गल्लीतली कुत्री पळवतील म्हणून त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने तिथे सुरक्षित ठेवले होते. प्रल्हादभाऊंनी दार जितक्या हळू उघडलं होतं, त्याच्या दुप्पट वेगाने लावलं.

“काय सापडलं?” मालकांनी विचारलं.

प्रल्हादभाऊंनी जावयाकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. सुपरवायझर मी होते ना!

तेवढ्यात सासूबाईंनी मला बाजूला ओढलं. तोंडावर पदर आणि खांदे गदगदत होते. “ताई, मला कालच कळलं होतं हो. पण जावयाला सांगणार कोण? म्हटलं, कंपनीची माणसं सांगतील!”

*

जळगावला एका घरी ग्रिलच्या सर्व्हिसिंगला गेलो. झाकण उचलायला हात लावला तर बाईंनी माझं मनगटच धरलं. “हळू! बाळंतीण आहे आत.”

झाकण बोटभर उचललं. आत जाळीवर जुनी सुती साडी, साडीवर मांजर आणि मांजरीला बिलगलेली पिल्लं. मांजरीने आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच दार न वाजवता आलो होतो.

गॅस आधीच बंद होता, तरी मी व्हॉल्व्हचा दांडा काढून बाईंच्या हातात दिला. बाईंचं समाधान झालं. बाईंच्या मिस्टरांचं नाही. रविवारी त्यांचे मित्र यायचे होते. ते म्हणाले, “मॅडम, तुम्हीच हिला सांगा. ग्रिल कशासाठी घेतली होती आपण?”

बाई म्हणाल्या, “तुमचे मित्र दर महिन्याला येतात. ही पहिलटकरीण आहे!”

*

आता नानांची गोष्ट. नाना मुक्ताईनगरकडचे, केळीवाले शेतकरी. मुलगा महेश जळगावात औषधांचं दुकान चालवतो, त्याच्या बंगल्यात नाना आणि महेशची आई अक्का राहायला आले. थंडी पडली की नानांकडे भरताची पंगत असते. गावाकडचे, सोयरे, शेजारी, सगळे येतात. शेतातून कपाशीच्या काड्या येतात, त्या पेटवून अक्का वांगी भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात आणि लोक पुऱ्यांवर पुऱ्या मागत बसतात. नाना दुसऱ्या कोणाच्या हातचं भरीत खात नाहीत. सुनेने केलेलं एकदा चाखून म्हणाले होते, “भाजी चांगली झाली.”

एका वर्षी अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, धुरात बसायचं नाही. महेशने परसात ग्रिल आणली आणि आम्हाला बोलावलं. सिलिंडरवर चालणारी ग्रिल होती. पाइपच्या गॅससाठी तिचे गॅस सोडणारे बारीक जेट बदलावे लागले, म्हणून आमच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला नाना खुर्ची टाकून समोर.

“गॅसवर वांगं भाजत नाही, उकडतं,” ते म्हणायचे.

“नाना, जाळ तर जाळच असतो,” सलीम म्हणाला.

“मग उदबत्तीवर भाज की!”

एकदा अक्का घरात गेल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, “ताई, तिच्या डोळ्यांपुढे भरीत काय मोठं? पण तिच्या हातचं त्या धुरासकट खाल्लंय आयुष्यभर. ते गेलं की गेलं. यंदा पंगत घालूच नये म्हणतो मी.”

हे अक्कांनी खिडकीतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाल्या, “पंगत होणार. डोळा माझा आहे, हात शाबूत आहेत!”

पंगतीच्या दिवशी आम्हालाही आमंत्रण. नानांनी तरीही गावाहून काड्यांचा भारा मागवून कंपाउंडच्या कोपऱ्यात टाकला होता. त्यावरून सकाळपासून वाद. शेवटी महेशने तोड काढली. थोडी वांगी काड्यांवर तो स्वतः भाजेल, थोडी अक्का ग्रिलवर भाजतील, कालवणार दोन्ही अक्काच. नानांनी डोळे बांधून दोन्ही चाखायची आणि ओळखायची. ओळखलं तर पुढल्या वर्षीपासून ग्रिल बंद, नाहीतर ग्रिलला नावं ठेवणं बंद.

“लाव पट्टी!” नाना म्हणाले.

नानांना पुढच्या खोलीत पाहुण्यांमध्ये बसवून ठेवलं. भाजणं, ठेचणं, फोडणी, सगळं मागे उरकलं. मग नानांना परसात आणून पाटावर बसवलं. डोळ्यांवर त्यांचंच उपरणं. सगळी पंगत हातातली पुरी हातातच धरून बघत होती. अक्कांनी पहिलं ताट पुढे केलं.

नानांनी घास घेतला, चघळला, मान हलवली. “हे गॅसवरचं. बेचव.”

दुसरं ताट. घास तोंडात गेला आणि चेहरा असा फुलला की प्रल्हादभाऊंनी मान खाली घातली. “हे! याला म्हणतात भरीत! आहा, काय धूर लागलाय! अरे, लहान पोरसुद्धा सांगेल!”

पंगतीत खुसखुस सुरू झाली. एक सोयरे पुरी घशात अडकून खोकायला लागले. महेश आईकडे बघत होता. अक्का पदराला हात पुसत शांतपणे म्हणाल्या, “दोन्ही ताटं एकाच पातेल्यातली आहेत. सगळी वांगी मीच भाजली, ग्रिलवर.”

नानांनी उपरणं सोडलं. आधी कोपऱ्यातल्या भाऱ्याकडे बघितलं. त्याची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. मग अक्कांच्या डोळ्यांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. आता नाना उठून जातात की काय, म्हणून महेश पुढे सरकला.

नानांनी पहिलं ताट अक्कांपुढे सरकवलं.

“त्या बेचवमधलं वाढ अजून थोडं.”