व्यंकूने सोडलेल्या जागा

व्यंकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शुक्रवार पेठेतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवत होतो. "हो, हो" म्हणत फोन ठेवला आणि घडी घालायला लागलो, तर ती काही केल्या जमेना. उभा जन्म चादरींच्या घड्या घालण्यात गेलेला माणूस मी! शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "राहू द्या की मालक, उद्या येतो."

आमचा 'धुराडं' बँड आता कुणाला आठवतो? कॉलेजात असताना व्यंकूच्या घरामागच्या शेडमध्ये, यंत्रमागांच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही तो काढला. व्यंकू गिटारवर, मी ड्रमवर. सायकेडेलिक रॉक हा शब्दसुद्धा धड उच्चारता येत नव्हता, पण व्यंकू सूर असा ताणायचा की ऐकणाऱ्याला बसल्या जागी भोवळ यावी. त्याच्या घरात तेलुगू, माझ्या घरात कन्नड, भांडायला मात्र दोघांना मराठीच लागायची. भांडणही ठरलेलं... ठेक्याच्या शेवटच्या फेरीला माझा हात पुढं पळायचा. "शिवा, गाडी चुकतीय काय तुझी? हळू की जरा!" व्यंकू ओरडायचा.

मग लग्न, दुकान... मी बँड सोडला. व्यंकू एकटाच वाजवत, रेकॉर्ड करत राहिला. आमच्या पहिल्या कॅसेटवर जीव टाकणारे मोजके लोकसुद्धा ही नंतरची रेकॉर्डिंग ऐकून नाकं मुरडायचे. मागं एक माग खटखटतोय, त्यावर गिटार, आणि ऐन रंगात आलं की दोन्ही बंद! दोन वर्षांपूर्वी तो दुकानात आला आणि मोबाइलवर मला ऐकवायला लागला. पहिली शांतता आली तशी मीच बोट लावून बंद केलं. "व्यंकू, मधेच धागे तुटलेत. सेकंडचा माल आहे हा." तो "बरं" एवढंच म्हणाला आणि चहा न घेता उठला. पुन्हा आला नाही. मीही गेलो नाही. आपलं चुकलं हे त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण ताठा! दोन वर्षं मी त्या ताठ्यापायी घालवली.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी शेड उघडली. माग गप्प उभा होता. त्याच्यासमोर माझं ड्रमचं जुनं स्टूल, रेक्झिन फाटलेलं, पण स्वच्छ पुसलेलं.

"बसा भाऊजी. ते म्हणले होते, शिवाला हितं बसवूनच ऐकव." त्यांनी स्पीकरला पेनड्राइव्ह लावला. "माग मीच चालवायची. त्यांनी मान हलवली की थांबवायची. मग ते ह्या स्टुलाकडं बघत बसायचे... कुणी वाजवतंय आणि ते ऐकतायत, असं."

माग खटखटला, गिटार चढत गेली आणि थांबली. शांतता. मी काही ठरवलं नव्हतं, पण माझी बोटं गुडघ्यावर चालायला लागली. आमच्या जुन्या चार फेऱ्या. तेवढीच जागा होती ती, तंतोतंत. चौथ्या फेरीला हात पळाला, मी आधी संपवलं, आणि थोडी शांतता शिल्लक राहिली. मग स्पीकरमधून व्यंकू हसला.

"परत घाई केलीस, शिवा."

मी मान वर केली. वहिनींकडे पाहिलं, त्या शांतपणे मागावरची धूळ पुसत होत्या. त्या दुपारी सगळी रेकॉर्डिंग ऐकली. प्रत्येकात माझी जागा. कुठं "अस्सं!", कुठं "आता बरोबर." लोकांना सांगावंसं वाटतं, ही बाद रेकॉर्डिंग नव्हेत हो... 'धुराडं'चं सगळ्यात अस्सल काम ते हेच. आणि त्याला सेकंडचा माल म्हणणारा मी!

शेवटचं रेकॉर्डिंग तो जायच्या आदल्या आठवड्यातलं. माग थांबतो, गिटार थांबते, आणि पुढं काहीच नाही. नुसता त्याचा श्वास ऐकू येतो.

"ह्यात ते काहीच बोलले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मी विचारलं, चालू करू का माग? तर म्हणले, थांब. अजून त्याचं चाललंय."

आता मागांच्या सुट्टीच्या दिवशी मी त्या शेडमध्ये जातो. वहिनी ते रेकॉर्डिंग लावून देतात. मी स्टुलावर बसून गुडघ्यावर वाजवत राहतो. रेकॉर्डिंग संपतं, श्वास थांबतो. माझं चालूच असतं. मी आता घाई करत नाही.