हॉल अडवून बसलेला माणूस

मुलुंडच्या एका हॉलच्या वेबसाइटने मला फसवलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण घरात या प्रकरणाच्या तीन वेगवेगळ्या हकिकती फिरताहेत आणि तिन्हींमध्ये गाढव मीच आहे.

मी फसणारा माणूस नाही. भांडुप स्टेशनबाहेर फुटपाथवर नळाचे वॉशर विकून सुरुवात केली, आज स्वतःचं सॅनिटरीचं दुकान आहे. नळ, बेसिन, कमोड, सगळं! आयुष्यात एकही वस्तू मी सांगितलेल्या भावात घेतलेली नाही. (एकदाच घेतली. अपेंडिक्सचं ऑपरेशन. तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो.)

भाव पाडण्याची माझी एक पद्धत आहे. आधी घरातल्या एकेकाला दुकानात पाठवायचं. कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही. प्रत्येकाने वस्तू बघायची, भाव विचारायचा, नाक मुरडायचं आणि बाहेर पडायचं. चौघांनी नाक मुरडलं की दुकानदार आतून खचतो. मग मी जायचं, बसायचं, चहा प्यायचा, आकडा सांगायचा आणि तो नाही म्हणाला की ताडकन उठून चालू पडायचं. मागे वळून बघायचं नाही. तिसऱ्या पायरीवर हाक येतेच, "अहो साहेब, या हो, बसा!" आमच्या घरातला फ्रिज, सोफा, बायकोचा शालू, सगळं या तिसऱ्या पायरीवर घेतलेलं आहे.

तर आमच्या मानसीचं लग्न ठरलं. मुलगा कुर्ल्याच्या सावंतांचा, बोटीवर नोकरीला. पुन्हा बोटीवर जायच्या आधी साखरपुडा उरकायचा, आणि दोन्हीकडच्या मंडळींना जमेल असा रविवार उरला होता एकच. मी सावंतांना छातीठोकपणे सांगितलं, "हॉल माझ्यावर सोडा. मुलुंडचा घेतो, आणि अशा भावात घेतो की हॉलवाला रडेल."

रडायचं कोणी, ते पुढे येईलच.

पूर्वी या हॉलच्या ऑफिसात एक वही असायची आणि वहीमागे एक माणूस. आता वही गेली. माणूस तेवढा शिल्लक आहे, त्याचं नाव गुरव. मी गेलो तर गुरव म्हणाला, "साहेब, बुकिंग फक्त ऑनलाइन."

"अहो, मी इथे आहे, हॉल इथे आहे, तुम्ही इथे आहात. मध्ये वेबसाइट कशाला?"

"सिस्टम आहे साहेब."

हा 'सिस्टम' शब्द निघाला त्या दिवसापासून या देशात कुणालाही कसलंही उत्तर द्यावं लागत नाही!

शनिवारी सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसलो. पहिल्याच फटक्यात ब्राउझर म्हणाला, मी जुना झालोय, मला अपडेट करा. म्हटलं, मीही जुना झालोय, मला कोण करतंय? मग वेबसाइटने कुकीज मान्य आहेत का ते विचारलं. हो म्हटल्याशिवाय आत घेईना. मग पासवर्ड. एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. बँकेची तिजोरी उघडायची नव्हती हो मला, दोनशे माणसांना पुरीभाजी वाढायची होती! मग म्हणे तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. यंत्र मला विचारतंय! नऊ चौकोन दाखवले आणि कुठल्या कुठल्या चौकोनांत बस आहे ते दाबायला सांगितलं. भांडुपला बसची वाट बघण्यात ज्याची निम्मी जवानी गेली त्याला हे बस दाखवणार! एका चौकोनात बसचा नुसता आरसा होता. आरसा बसमध्ये धरायचा की नाही? धरला तर म्हणे चूक. नाही धरला तरी चूक.

शेवटी फॉर्म आला. त्यात नाव-पत्ता मी लिहायच्या आत ब्राउझरने परस्पर दुकानाचं नाव, दुकानाचा पत्ता आणि दुकानाचा ईमेल भरून टाकला. म्हटलं, भरू दे. नाहीतरी साखरपुडा म्हटलं की हॉलवाले भाव चढवतात. दुकानाच्या नावावर कसं गरीब वाटतं. तारीख निवडली, भाव आला, खाली 'पैसे भरा' असं लाल बटण. आणि कोपऱ्यात एक हसरी बाई उगवली.

'नमस्कार! मी अवनी. मी आपली काय मदत करू शकते?'

वा! म्हणजे आहे की बोलायला कुणीतरी! मी लिहिलं, 'भाव कमी करा.'

'भावगीतांच्या कार्यक्रमासाठी साउंड सिस्टमचे दर वेगळे आहेत.'

'दर कमी करा म्हणतोय!'

'दरवाजे सकाळी आठ वाजता उघडतात.'

'तुमच्या मालकाला बोलवा.'

'छान! आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?'

इतका कसलेला दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग मी हुकमाचं पान काढलं. शेवटचा आकडा लिहिला, तिने पुन्हा दरवाजे कधी उघडतात ते सांगितलं, आणि मी ताडकन उठलो. टीव्हीचं दाबतात तसं स्क्रीनचं बटण दाबलं. काळोख! दुकानाच्या तीन पायऱ्या उतरलो आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा सांगितला. गिऱ्हाईक गेलं हे तिला कळलं पाहिजे.

हाक आली नाही. दुसरा चहा झाला, तरी नाही. मी दुकानाला कुलूप लावून जेवायला घरी आलो.

दुसरा शनिवार होता, त्यामुळे बँकेत नोकरी करणारा माझा मेव्हणा सुहास जेवायला आला होता. मी जाहीर केलं, "वेबसाइट ताठ आहे. आता सगळ्यांनी लागायचं. शैला, तू तुझ्या फोनवर. सुहास, तू तुझ्या. मानसीचा लॅपटॉप मला. मानसी, तू तुझ्या फोनवर. हॉल उघडायचा, फोटो बघायचे, भाव बघायचा, नाक मुरडायचं, बंद करायचं. पुन्हा उघडायचं."

"अहो, फोनला माझं नाक कसं दिसणार?" शैला म्हणाली. (ही माझी बायको. तीस वर्षं दुकानांतून नाक मुरडत आली आहे, पण प्रश्न विचारायची सवय गेली नाही.)

सुहास म्हणाला, "भाऊजी, वेबसाइटचं उलट असतं. बघणारे वाढले की भाव वाढतो."

"बँकवाल्याने मला भाव शिकवू नये. तुम्ही लोक पेनसुद्धा दोरीला बांधून ठेवता!"

लागलो सगळे. पंधरा मिनिटं घरात फक्त नाकं मुरडण्याचा आवाज. आणि भाव हलला. वर!

"बाबा, वाढला!" मानसी ओरडली.

"घाबरली आहे ती. शेवटची धडपड असते. आणखी जोर लावा!"

आम्ही जोर लावला. भाव पुन्हा वर. आणि भावाखाली लाल अक्षरं आली: 'या तारखेला प्रचंड मागणी! सध्या ५ जण हा हॉल पाहत आहेत.'

मी माणसं मोजली. शैला, सुहास, मानसी, मी. पुन्हा मोजली. चारच.

"हा पाचवा कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुहास म्हणाला, "असेल कुणीतरी. लग्नाचे दिवस आहेत."

"असेल कुणीतरी काय? माझ्या तारखेवर डोळा ठेवून बसलाय! मानसी, सोड तो भाव, तू बुक करायला घे."

मानसीने बटण दाबलं आणि तिचा चेहरा पडला. "बाबा, हे म्हणतंय आपल्या आधी एक ग्राहक पैसे भरायच्या पानावर आहे. तो पैसे भरेपर्यंत किंवा निघून जाईपर्यंत तारीख त्याच्यासाठी राखून ठेवली आहे. चोवीस तास."

तेवढ्यात फोन वाजला. कुर्ल्याहून सावंत. त्यांचा मालवणी आवाज नेहमी खणखणीत असतो.

"व्याहीनू, हॉल झालो मां? पत्रिका छापूक टाकतंय. नाव काय घालू हॉलाचा?"

"झाल्यातच जमा आहे सावंत. दहा मिनिटांत सांगतो."

फोन ठेवला तर मानसी माझ्याकडे बघत होती. ती रडत नव्हती. नुसती बघत होती, ते जास्त वाईट. "बाबा, तो बोटीवर गेला की सहा महिने येत नाही. तू सकाळीच गप पैसे का नाही भरलेस रे?"

मी चपला घातल्या. सुहासला घेऊन रिक्षाने थेट मुलुंड.

गुरव जागेवर होता. मी टेबलावर हात आपटला. "कोण आहे तो?"

"नाव नाही सांगता येत साहेब. नियम आहे."

"नाव नको. तो करतोय काय एवढं सांगा!"

गुरवने स्क्रीनमध्ये डोकं घातलं. "सकाळी अकराला आला. फॉर्म भरला. पैसे भरायच्या पानावर येऊन बसलाय. तेव्हापासून बसलेलाच आहे."

"सकाळी अकरापासून? काम-धंदा नाही मेल्याला?"

"दिसत नाही. दोनदा विचारलंय सिस्टमने, उत्तर देत नाही."

"बघ सुहास, बघ! ही असली माणसं! स्वतः घ्यायचं नाही, दुसऱ्याला घेऊ द्यायचं नाही! मुलींची लग्नं मोडायला निघालेत, आणि यांना साधं हो की नाही सांगायची अक्कल नाही! काढा त्याला बाहेर!"

"असं नाही काढता येत. लेखी तक्रार असेल तर सिस्टममध्ये तसं बटण आहे."

"कागद आणा!"

दीड पान लिहिलं. 'सदर इसम हा हॉल घेण्याच्या लायकीचा दिसत नसून केवळ अडवणूक करण्याच्या विकृत हेतूने सकाळपासून ठिय्या देऊन बसला आहे.' शेवटी मागणी केली की सदर इसमाने आपल्या वागण्याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. खाली सही ठोकली. सुहास वाचून म्हणाला, "भाऊजी, 'विकृत' जरा जास्त होतंय." मी त्या शब्दाखाली रेघ मारली. दुहेरी.

गुरवने बटण दाबलं. तिकडे घरून मानसीचा फोन, "बाबा, उघडलं!"

"भर! पटकन भर!"

"पण भाव आणखी वाढलाय रे..."

"तू भर!"

शुद्धीवर असताना मी पहिल्यांदाच सांगितलेल्या भावात काहीतरी घेतलं. पण तारीख मिळाली होती. सावंतांना फोन केला, हॉलचं नाव सांगितलं, गुरवला पेढे दिले आणि अडवणूक करणाऱ्या माणसाची कशी जिरवली हे रिक्षावाल्याला मुलुंडपासून भांडुपपर्यंत ऐकवलं.

संध्याकाळी दुकान उघडलं. टेबलाखालून घूंऽऽ असा आवाज येत होता. हात लावला तर कॉम्प्युटरचा डबा गरम. म्हटलं, हा बंद केला होता ना मी? स्क्रीनचं बटण दाबलं.

अवनी हसत होती.

पहिला निरोप सकाळचा, मी तिसरी पायरी उतरलो असेन तेव्हाचा: 'अरे, निघालात? थांबा! खास तुमच्यासाठी दहा टक्के सूट!' दुसरा दुपारचा, आम्ही चौघं घरी नाकं मुरडत होतो तेव्हाचा: 'अजून विचार करताय? वीस टक्के सूट! परत या ना!' आणि तिसरा निरोप काळ्या चौकटीत: 'क्षमस्व. एका ग्राहकाच्या लेखी तक्रारीवरून आपली राखून ठेवलेली तारीख रद्द करण्यात आली आहे.'

हाक आली होती हो! दोनदा आली होती! उभ्या आयुष्यात इतक्या प्रेमाने मला कुठल्या दुकानदाराने बोलावलं नव्हतं, आणि मी समोर बसून चहा पीत होतो.

मी हे घरी सांगणार नव्हतो. पण साखरपुड्याच्या दोन दिवस आधी दुकानाच्या ईमेलवर हॉलचं खुलासा मागणारं पत्र आलं आणि ते मानसीने आधी उघडलं. सोबत माझी दीड पानी तक्रार जोडलेली, दुहेरी रेघेसकट. सुहासने ती मोठ्याने वाचून दाखवली, उभं राहून. शैला इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

साखरपुडा उत्तम पार पडला. सावंत हॉल बघून खूश झाले, "कितीत पाडलास?" म्हणून चारदा विचारून गेले, आणि मी चारही वेळा त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

पण माझा मुद्दा तोच आहे. वीस टक्के सूट देणाऱ्या बाईला तोंडाने ओरडून हाक मारता येत नव्हती? पाचवा माणूस कोण, हे सिस्टमला माहीत असून तिने मला का सांगितलं नाही? स्क्रीन बंद झाला की कॉम्प्युटर बंद होत नाही, हे त्या बटणावर लिहायला काय झालं होतं? कुणीतरी उत्तर द्यायला हवं की नको?

उत्तर सात दिवसांत द्यायचं आहे आणि लेखी द्यायचं आहे. आज सहावा दिवस. शैला म्हणते, "दोन ओळी खरडा, चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा." तिला काय जातंय बोलायला! तक्रार करणाऱ्या माणसाला मी चांगला ओळखतो. महा तिरसट आहे. दोन ओळींत ऐकणारा नाही.