भट्टीवरची नानकटाई

आमचं हुबळी म्हैसूर राज्यात गेल्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी सहावीत होते. आजी गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी. दरवर्षी नानकटाई आजीच करायची. प्रमाण तिच्या हातात होतं, कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून गदगहून आत्या मुद्दाम चार दिवस आधी आली.

सकाळी आई आणि आत्या परात घेऊन बसल्या. तूप-साखर फेसायचं काम माझ्याकडे होतं. तळहात दुखेपर्यंत फेसलं तेव्हा कुठे ते पांढरंशुभ्र, हलकं झालं. मग दोघींचं अडलं. आईचं म्हणणं, सासूबाई मैद्यात बेसन घालायच्या. आत्या म्हणाली, “छे, रवा. मी लहानपणापासून बघत आलेय.” आईनं बेसनाचा डबा गुपचूप फळीवर ठेवून दिला आणि पीठ रव्याचंच मळलं गेलं.

एरवी पीठ भाजून आणायला बेकरीच्या भट्टीवर माझे वडील, अप्पा, न्यायचे. पण दिवाळीच्या गर्दीत त्यांना कापडाच्या दुकानातून हलता येईना. आत्या म्हणाली, आपणच जाऊ. आईनं आधी नको-नको केलं, मग पदर खोचला. दाजीबानपेठेतून डोक्यावर पातेलं घेऊन मी पुढं आणि रिकामे डबे घेऊन त्या दोघी मागं! वाटेत ओळखीचे दुकानदार बघत होते. मला मिरवणूक निघाल्यासारखं वाटत होतं.

भट्टीवाल्यानं आधी सहाच गोळे पत्र्यावर ठेवून आत सारले. आम्ही तिघी वाकून बघत होतो. गोळे फुगायचे सोडून पसरले आणि सहांची मिळून एक भाकरी झाली.

“तुप्प भाळ आगेदरी, अक्का,” भट्टीवाला म्हणाला. तूप फार झालंय.

आत्याचा चेहरा उतरला.  आई ‘मी म्हटलं होतं’ म्हणाली असती तर भांडणच झालं असतं. पण आत्याच म्हणाली, “वहिनी, तुमचं बेसन आणवा.”

मी धावत सुटले. हातगाड्या चुकवत घर गाठलं, डबा काखेत मारला आणि तशीच परत. आईनं अंदाजानं बेसन टाकलं, आत्यानं मळलं. या वेळी पत्रा बाहेर आला तेव्हा प्रत्येक नानकटाईला मधोमध सुरेख भेग पडली होती. वेलदोड्याचा वास रस्त्यापर्यंत गेला.

“वन्सं, रवाही हवाच होता,” आई एक मोडून चाखत म्हणाली. “नुसत्या बेसनानं असा खुसखुशीतपणा येत नाही.”

आत्या खुदकन हसली. चार डबे भरले. उरलेल्या गरम नानकटाया आत्यानं पदरात घेतल्या आणि दुर्गदबैलच्या बाजारातल्या भर गर्दीतून आम्ही तिघी खात खात घरी आलो. आईला रस्त्यात खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.