आत्याचा गोळ्यांचा डबा

आमच्या दर्यापूरच्या आत्याने आयुष्यात एकही औषध पूर्ण घेतलं नाही. ताप उतरला की गोळ्या बंद, आणि उरलेल्या जायच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आम्हा सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्याही तिथेच जमा होत. "फेकता कावून? कोनाच्या तरी कामी येते," म्हणायची. गल्लीत कुणी कण्हलं की आत्या डबा उघडून बसलीच. लोक तिला अर्धी डॉक्टरीण म्हणत आणि ती खूश होई.

दुसरी खोड पाण्याची. सारी नोकरी खेड्यातल्या शाळांत गेली, आणि तिथे बाईमाणसाला जायला आडोसा नसायचा. म्हणून घरून निघाली की परत येईपर्यंत ती पाण्याचा घोट घेत नसे. निवृत्तीनंतरही अमरावतीला माझ्याकडे यायची ती घसा कोरडा ठेवूनच. त्यामुळे वरचेवर होणारी लघवीची जळजळ म्हणजे तिच्या लेखी साधी सर्दी. डब्यातल्या दोन-चार गोळ्या घ्यायची आणि जळजळ थांबली की विसरायची.

यंदा गोळ्यांनी काही केलं नाही. हुडहुडी भरून ताप चढला, ती बरळू लागली, तेव्हा आम्ही तिला अकोल्याला दवाखान्यात नेलं. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. "अर्धवट औषधं घेऊन घेऊन हे जंतू आता गोळ्यांना जुमानत नाहीत. संसर्ग किडनीपर्यंत गेलाय. लागू पडेल असं एकच औषध उरलंय, तेही इंजेक्शनाचं." ते नाही चाललं तर? औषध संपतं हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या घरी तर डबाभर औषधं होती.

सलाईन चालू होतं आणि मी सारखी तिचं कपाळ चाचपत होते. वर्गात साप निघाला तेव्हा पोरांना बाहेर काढून मग स्वतः निघालेली ही बाई. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "पोरी, मले भेव लागून राहिलं." मलाही लागलं होतं.

ताप उतरला. नर्स पुढचं इंजेक्शन घेऊन आली तर आत्याने हात मागे घेतला. "आता बरं वाटून राहिलं मले. बाकीचे ठेवून द्या बाई, कोनाच्या कामी येतीन." नर्स हसली. मी मात्र उठून तिच्याजवळ गेले. "आत्या, याच्यापुढं औषध नाही. हे उरवायचं नाही." मग तिने हात पुढे केला.

ती बरी होऊन घरी गेली. डबा मी घेऊन आले. रोज फोन करून विचारते, "पानी पेली का?" ती म्हणते, "पेली वं माय." खरं की खोटं कळत नाही.

काल मात्र माझ्या विचारण्याआधीच ती हळूच म्हणाली, "सकाळपासून जराशी जळजळ होऊन राहिली. डबा तर तू नेला. आता काय घेऊ?"