करडीच्या तेलात अडकलेले तीन कटर

माझ्या गोठ्यात जनावर नाही. दुष्काळात दावणीची जनावरं गेली, ती परत आणली नाहीत. आता तिथं झाडं कापायच्या सहा जुन्या मशिनी आहेत, पेट्रोलवर चालणाऱ्या. आमच्याकडं त्याला कटर म्हणतात. दर आठवड्याला एकेक खाली काढते, पुसते, चालू करते. आवाज वेशीपर्यंत जातो. सून म्हणते, "आत्याबाई, लोकं हसतेत." हसू द्या. हे कटर माझ्याकडं कसे आले ते गावात चार जण चार तऱ्हेनं सांगतात आणि चारही खोटं सांगतात. मी चौथी शिकलेली आहे. मला लिहिता येतं, म्हणून मीच लिहिते.

मालक, म्हणजे माझा नवरा, सहकारी साखर कारखान्यात सरपणाच्या यार्डात कामाला होते. कारखाना चालू असला की बॉयलर उसाच्या भुश्शावर चालतो. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी भुस्सा कुठून येणार? तेव्हा लाकूड लागतं. बाभळीचे, आंब्याचे ओंडके कापायला कारखान्यानं परदेशी बनावटीचे तीन कटर घेतले होते. आताच्या कटरसारखे हलके नव्हेत. उचलला की कंबरेत जाणवायचं. ते चालवणारा माणूस एकच, आमचे मालक. बॉयलर पेटवायच्या दिवशी डायरेक्टर लोक टोप्या घालून यायचे, पहिलं लाकूड आत टाकताना फोटो काढायचे. मालक फोटोत कधी नव्हते. पण घरी येऊन म्हणायचे, "मी न्हाई तर बॉयलर न्हाई." गावात त्यांना सगळे ऑपरेटर म्हणत. नावानं कोणी हाक मारत नव्हतं, आणि त्यांनाही नाव नकोच होतं.

ते एक गोष्ट सांगत नसत. कटरच्या साखळीचे दात मी घासायची. कामावरून येताना ते पिशवीत साखळ्या आणायचे. मी उंबऱ्यावर बसून एकेक दात कानशीनं घासायची. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर कटर लाकडात वाकडा जातो. विळ्याला धार लावलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. अकरा वर्षं मी ते काम केलं. त्याचा पगार कोणी दिला नाही आणि मी मागितला नाही, ती माझी चूक.

मग पाऊस गेला. एक साल, दुसरं साल. ऊसच नाही तर गाळायचं काय? कारखान्याला कुलूप लागलं. मालक घरी बसले. यार्डातले तीन कटर पत्र्याच्या खोलीत पडून राहिले. पुढं कारखान्यानं मोडीत काढायच्या वस्तूंची यादी केली, त्यात तेही गेले. कागदावर लिहिलं होतं, उष्णतेमुळं निकामी.

गावात टँकर यायचा. पाणी धरायला मोठं पिंप पाहिजे होतं म्हणून मी आणि मालक चौसाळ्याच्या बाजाराला गेलो. तिथं रस्त्याकडेला भंगारवाल्या भाईंचं आवार आहे. त्या ढिगावर मला तिन्ही कटर दिसले. मालकांनी तोंड फिरवलं.

"मेलेत ते," म्हणाले. "गरमीनं पिस्टन धरलंय. चल."

मी गेले नाही. एकाची दोरी ओढून पाहिली. जागची हलली नाही. मग तेलाच्या टाकीचं झाकण काढलं आणि वास घेतला. खवट वास होता, आणि ओळखीचा. आत तेल नव्हतंच, पिवळं कातडं धरलं होतं. असं कातडं माझ्या तेलाच्या किटलीच्या तोंडाशी रोज धरतं. कढईच्या काठाला तेच बसतं, लाखेसारखं, नखानं निघत नाही. आमच्या भागात घरोघर करडीचं तेल. बाईला तो वास झोपेतही कळेल.

मी मालकांकडं पाहिलं. ते पलीकडं टायर बघत होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माहेरचा पितळी हंडा घेऊन एकटी गेले. लग्नातला हंडा. काठाला टिंबाटिंबानं माझं नाव घातलेलं. टँकरचं पाणी प्लास्टिकच्या पिंपात जात होतं, हंडा पालथा पडून होता. भाईंना म्हणाले, हंडा घ्या, एक कटर द्या.

भाई हसले. "खाला, कटरमधी पाणी ठरत न्हाई."

"हंड्यात तरी कुठं हाय पाणी," मी म्हणाले. त्यांनी कटर पोत्यात घालून दिला.

घरी आल्यावर मालकांना सरळ विचारलं. "करडीचं तेल कावून घातलंत?"

ते तंबाखू मळायला लागले. मग बोलले. शेवटच्या हंगामात कारखान्याच्या स्टोअरमध्ये कटरचं तेल संपलं होतं, कोणी आणायला तयार नव्हतं आणि लाकूड तर कापायचं होतं. म्हणून त्यांनी घरून नेलं. साखळीलाही तेच घातलं, पेट्रोलमध्येही तेच मिसळलं. दोन महिने कटर झकास चालले. नंतर कुलूप लागलं, दोन उन्हाळे त्या तापलेल्या खोलीत गेले आणि तेल आतल्या आत आळून बसलं. साखळी ज्या पट्टीवर फिरते तिला चिकटली, पिस्टन सिलिंडरला.

"तरीच माझी किटली महिनाभर पुरत नव्हती," मी म्हणाले.

"कुणाला बोलू नको," ते म्हणाले. "आयुष्यभर ऑपरेटर म्हणून फिरलो."

नाही बोलत, असं मी म्हणाले होते. ते इथं लिहून ठेवते, कारण पुढं मी तो शब्द मोडला.

कढई कशी सोडवतात ते मला माहीत होतं. साखळी आणि पट्टी काढून धुण्याच्या सोड्यात उकळली. मशिनीवरचं मोठं झाकणही त्यातच टाकलं, ते पांढरंफटक पडलं. ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही हे तेव्हा शिकले. डाग अजून आहे. सिलिंडरला मग सोडा लावला नाही. प्लग काढून त्या भोकातून रॉकेल ओतलं आणि ठेवून दिलं. रोज सकाळी जुनं काढायचं, नवं घालायचं. जोर लावायचा नाही. सहाव्या दिवशी दोरी बोटभर हलली. नवव्या दिवशी पूर्ण आली. कार्बोरेटर सोडून धुतला, नवा प्लग बसवला, पेट्रोलमध्ये या वेळी गॅरेजचं तेल घातलं. माणसं दोरीला हिसका देतात. मी विहिरीतून पोहरा ओढावा तशी सरळ, लांब ओढली. तिसऱ्या ओढीला कटर पेटला. मालक घरातून बाहेर आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि परत आत गेले.

त्या साली शिवारातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. जमीन मोकळी करायची तर झाडं काढावी लागणार. स्वतः लावलेल्या झाडावर कुऱ्हाड घालायला बागवाल्याचा हात उठत नाही. मग ते मला बोलवायचे. मी जायची, बाजूला व्हा म्हणायची आणि कापायची. रडणाऱ्याजवळ थांबायची नाही. लुगड्याचा काचा, पायात मालकांचे जुने बूट. पहिल्या बागेत लोक बघायला जमले. तिसऱ्या बागेत कोणी आलं नाही, ते नुसतं काम झालं.

गावात मजुरांची सहकारी सोसायटी होती. तिच्या चेअरमनना वाटलं, हे काम सोसायटीचं आहे. ते कारखान्यावर डायरेक्टरही होते. त्यांनी निरोप धाडला: कटर कारखान्याचा आहे. ऑपरेटरनं चांगली मशीन मेली म्हणून सांगितली, बायकोनं भंगारातून उचलली आणि पंधरा दिवसांत ती चालू झाली. ही चोरी आहे. उद्या सकाळी गोडाऊनवर मीटिंग आहे, कटर आणून जमा करा. नाहीतर ठाण्यात अर्ज जाईल.

मालक म्हणाले, "देऊन टाक."

"देते. मग तुमी चोर ठरता."

"लोक विसरतेत."

"कटरही जातो. मी तेलाचं सांगणार."

ते हळू म्हणाले, "त्यापरीस चोर म्हणू दे."

मला ते कळलं. चोराला लोक भितात, हुशारही म्हणतात. करडीचं तेल घालून तीन मशिनी बसवणाऱ्या ऑपरेटरला कोणी काही म्हणत नाही, नुसतं हसतात. पण चोर म्हटलं की माझ्याही हातातून कटर जाणार होता, आणि तेल मी घातलं नव्हतं.

"तुमची इच्छा ती तुमची," मी म्हणाले. "कटर माझा हाय."

मी भाईंना निरोप दिला, उरलेले दोन कटर टेम्पोत घालून या. त्यांचाही माल चोरीचा ठरत होता, ते वेळेवर आले.

गोडाऊनमध्ये पन्नासेक पुरुष पोत्यांवर बसले होते. बाई मी एकटी. मालक मागं भिंतीला टेकून.

चेअरमन म्हणाले, "वैनी, तुमी घरी जावा. ऑपरेटरला बोलू द्या."

"ऑपरेटर बोलले असते तर मी कशाला चपला झिजवल्या असत्या?"

मी न उघडलेला एक कटर मधोमध ठेवला. झाकण काढलं, आकडा घालून आतलं पिवळं चिकट कातडं ओढून काढलं आणि चेअरमनच्या तळहातावर ठेवलं. "वास घ्या," म्हणाले.

त्यांनी घेतला. शेजारच्यानंही घेतला. "करडी हाय बे," तो म्हणाला.

"ऑपरेटरनं कटरला फोडणी दिली व्हय," मागून कोणीतरी बोललं.

"मोहरी टाकायची राहिली वाटतं."

सगळं गोडाऊन हसलं. मी थांबले. हसून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या स्टोअरमधी तेल नव्हतं म्हणून ह्यांनी माझ्या किटलीतलं घातलं. मशिनी बसल्या, हे घाबरून गप बसले. ते चुकलं. पण तुमच्या एकाबी साहेबानं झाकण उघडून बघितलं न्हाई. उष्णता लिहिलं आन् विकून मोकळे झाले. ह्याच्यात चोरी कुणाची ते दाखवा."

चेअरमननी हात रुमालाला पुसला. पण डाग जाईना, पुसतच राहिले. "म्हंजे मशीन मेली नव्हती. मेली म्हणून विकली, तो व्यवहारच चुकीचा. परत द्या."

"मग हे दोनबी मेलेले न्हाईत," मी म्हणाले. "न्या. आठ दिवसांत तुमच्या माणसांनी एक जरी चालू केला तर माझा पण आणून देते. न्हाई झाला तर तिन्ही माझे, आन् ठाण्यात अर्ज न्हाई. भाईंचं काय ते मी बघते."

पन्नास माणसांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. कटर सोसायटीनं ठेवून घेतले.

ते आठ दिवस मी नीट जेवले नाही, हे खरं आहे. बीडहून मेकॅनिक आणला होता. रोज ठोकाठोकी ऐकू यायची. करडीचं तेल आहे हे मी भर सभेत सांगितलं होतं. ते कशानं सुटतं हे कोणी विचारलं नाही. पन्नास जणांच्या घरी पन्नास कढया होत्या. एकानं जरी संध्याकाळी भाकर खाताना बायकोला विचारलं असतं, तरी माझा कटर गेला असता. कोणी विचारलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी दोन्ही कटर माझ्या दारात टाकलेले होते. एकाच्या सिलिंडरच्या बाहेरची पाती हातोड्यानं तुटली होती. भाईंना परात आणि घंगाळ दिलं. दोन्ही कटर मी महिनाभरात चालू केले.

मालकांना मग गावात कोणी ऑपरेटर म्हटलं नाही. फोडणी म्हणायला लागले, तोंडावर. ते पारावर जायचे बंद झाले. माझ्याशी चार महिने बोलले नाहीत; ताट सरकवलं की जेवायचे, उठायचे. सून विचारते, वाईट वाटलं का? वाटलं. कटर दिला असता तर जास्त वाटलं असतं, आणि दिला असता तरी चोर म्हणवून घेऊन ते खूश राहिले असते असं कशावरून?

चौसाळ्याला भांड्यांवर नावं घालणारा बसतो. पहिला कटर त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, हंड्यावर घालतोस तसं टिंबाटिंबानं घाल. त्यानं विचारलं, मालकाचं नाव काय? मी माझं सांगितलं. पांढऱ्या डागाच्या झाकणावर ते आहे. बाकीचे तीन कटर पुढं बंद पडलेल्या दुसऱ्या कारखान्यांच्या भंगारातून आणले, एकाचे भाग दुसऱ्याला लावून चालू केले. आता बागा कापायला हलक्या मशिनी घेऊन पोरं येतात. माझ्या कटरना काम नाही. विकत मागायला येतात, मी देत नाही.

मालक कटरला अजून हात लावत नाहीत. पण चार महिन्यांनंतर एक दिवस चौसाळ्याहून येताना त्यांनी गॅरेजचं तेल आणलं आणि डबा न बोलता उंबऱ्यावर ठेवला. तेव्हापासून तेल तेच आणतात. मी झाकण उघडते, त्यांच्यासमोर वास घेते, मगच ओतते.