हसनचाचांचे चिरे

हसनचाचा गेल्याची बातमी पूर्णगडला दुबईमार्गे आली. कराचीहून आमचं गाव म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ खाली; जुनी गलबतं हा रस्ता डोळे मिटून करायची. आता मात्र तिथे माणूस मेला की आधी दुबईच्या नातेवाइकाला कळतं आणि तो सुट्टीवर आला की आपल्याला. चाचांचा पुतण्या रफिक महिन्यापूर्वी असाच आला. बॅगा ओटीवर टाकून तसाच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा गेले. तिकडंच." मरणाचं आम्हाला एवढं नव्हतं, वय झालं होतं... पण चाचांची आयुष्यात एकच मागणी उरली होती, की तिकडे मरण येऊ नये.

ते माझ्या वडिलांचे जिवलग. गावच्या नाटकात वडील राजा आणि हसनचाचा राणी. राणीला मिशी काढायला लावली म्हणून चाचांच्या आईने आमच्या अंगणात येऊन जे भांडण केलं, ते नाटकापेक्षा जास्त रंगलं, असं वडील सांगत. पुढे गावातली पोरं मुंबईला जात तसे चाचा कराचीला गेले, बंदरातल्या लाँचवर. देश एकच होता. कराची काय नि मुंबई काय, बोटीचं तिकीट तेवढं महाग. मध्ये येऊन लग्न केलं, हलीमाचाचीला आईजवळ ठेवलं आणि पुन्हा कामावर रुजू झाले. "बंदर तेच, दोरखंड तेच, मुकादम तोच," ते मला सांगत. "देश तेवढा बदलला. मी कुठं गेलोच नाय रे." मग आई आजारी पडली. घरी यायचं तर पासपोर्ट हवा, आणि कराचीत मिळत होता तो तिथला. आपण एसटीचं तिकीट काढतो तितक्या सहज त्यांनी तो काढला. घरी यायला म्हणून काढलेल्या त्या पासपोर्टाने त्यांचं घर परदेशात नेऊन ठेवलं. चाचीला त्यांनी तिकडे बोलावून पाहिलं. ती म्हणाली, "मी कशाला जाऊ? परदेशात तुम्ही हाव." मूलबाळ झालं नाही. दोन लढाया झाल्या, दोन्ही वेळा वाट बंद. तिकडे शेजारी त्यांना 'बंबईवाला' म्हणत, आणि इकडे आले की रत्नागिरीला पोलिसांत हजेरी लावावी लागे.

त्या हजेरीला मी हौसेने बरोबर जायचो. एरवी तिकीट काढल्याशिवाय नाटकातला असा प्रवेश बघायला मिळत नाही. हवालदार आमच्याच गावाकडचा. मान खाली घालून विचारायचा, "चाचा, राष्ट्रीयत्व?"

"तुझ्या बापसाला विचार. माझ्या झाडावरचे आंबे चोरताना कुठल्या देशात चोरतोय, ते त्याला ठाऊक होतं."

हवालदार पोट धरून हसायचा. आणि हसता हसताच लिहायचा, 'पाकिस्तानी'.

ऐंशी साली हलीमाचाची गेली. चाचांना व्हिसा मिळाला तो पुढच्या वर्षी. आले ते थेट कब्रस्तानात गेले, तिच्या कबरीशेजारची जागा पावलांनी मापली आणि गावातल्या जाणत्यांकडून स्वतःसाठी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कबरीसाठी खाणीतून चिरे आणून तिथे रचले. खाणीतून काढलेला जांभा ओला नि मऊ असतो. त्याला उघड्यावर ऊनपाऊस खायला ठेवावा लागतो, मग तो घट्ट होतो. चाचा एकेका चिऱ्यावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत. कच्चा चिरा भद्द वाजतो. "मुरू देत," ते म्हणाले. "हे तयार होईपर्यंत मी पण होतो."

शेवटचे आले ते तीन वर्षांपूर्वी, काठी टेकत. ओटीवर बसता बसता त्यांनी जाहीर केलं, "मरायला आलोय," अगदी भाच्याच्या लग्नाला आल्यासारखं. व्हिसा मे अखेरपर्यंतचा. तेवढ्यात उरकायचं होतं. घोटाळा आम्ही केला. पाहुणा आजारी म्हटल्यावर गावाला राहवेना. रफिकच्या बायकोने तिसळ्या-शिंपल्यांचं कालवण द्यावं, माझ्या बायकोने सकाळची पेज न्यावी. "सूनबाई, बेताने वाढ," चाचा रफिकच्या बायकोला म्हणायचे, "मला मरायचंय." ती म्हणायची, "मरा हो, पण जेवून." बघता बघता गालांवर मांस आलं, काठी कोपऱ्यात गेली, आणि मे महिना येईपर्यंत हा मरायला आलेला माणूस खाडीवर गळ टाकून बसू लागला. "अरे, मला जगवताय कशाला?" ते कळवळून विचारत आणि गळाला लागलेला मासा माझ्या बायकोकडे पाठवत.

मुदत वाढवायची तर डॉक्टरचा दाखला हवा. मी गावच्या रंगमंचावर अनेकदा मेलेला माणूस. पंधरवडाभर मी त्यांना खोकायला शिकवलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांपुढे चाचांनी असा खोकला काढला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आजोबा, एवढ्या दमाने खोकायला छाती चांगली लागते. खोटं कसं लिहू मी?" दाखल्याशिवाय अर्ज केला. नाही म्हणून उत्तर आलं. चाचा त्या दिवशी हसले नाहीत, मीही नाही.

जायच्या सकाळी ते चिऱ्यांना भेटून आले. एसटीत चढताना माझा खांदा धरून म्हणाले, "बाबल्या, त्यांना हात लावू देऊ नको कुणाला. पुढच्या खेपेला नीट आजारी पडून येतो." पुन्हा दोनदा अर्ज केला त्यांनी. व्हिसा मिळाला नाही. नीट आजारी मात्र पडले...

या पावसात कब्रस्तानाच्या कुंपणाचा गडगा ढासळला. मंडळींनी रफिकला विचारलं, चाचांचे चिरे पडूनच आहेत, लावूया का? रफिकने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हटलं. खाणीतून नवे आणले. अजून कच्चे आहेत, भद्द वाजतात.

परवा मी एकटाच तिथे गेलो होतो. हलीमाचाचीच्या शेजारच्या जागेत गुडघाभर गवत झालंय. चिरे शेवाळाने काळे पडलेत. ओणवा होऊन मी एकेकावर पेराने टकटक केली, कान लावला. खणखणीत वाजले. सगळे तयार आहेत.